पांढरं भरलं, बुबुळ राहिलं

सुमे, आज सकाळी सुतक फिटलं. डोक्यावरून पाणी घेतलं, देवापुढं दिवा लावला आणि कारखान्याचं दार उघडलं. गणपती फळ्यांवर जसे सोडून गेलो होतो तसेच बसलेले. ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि पुन्हा वाटीच्या काठावर ठेवला. म्हटलं, आधी हिच्याशी बोलून घेऊ. तू गेल्यापासून येणारा-जाणारा माझ्याशी तुझ्याबद्दल बोलतोय. तुझ्याशी बोलायला मात्र मला कुणी उसंतच दिली नाही.

तू असतीस तर ओरडली असतीस, "अगो शांते, गणपती तोंडावर आलेत नि लिहीत काय बसलीस?" आलेत तर येऊ देत. हमरापूरच्या या कारखान्यात सून म्हणून आल्यापासून पोराच्या तापाखेरीज एकाही हंगामात मी हात थांबवला नव्हता. तुझ्यासाठी थांबवला. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक आपल्या घरात तीन दिवस पाळतात, आणि सुतकात मूर्तीला हात लावायचा नाही. तुझ्या दादानं स्वतः कुलूप घातलं. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाला, "बहीण गेली माझी, नंतर या." एवढंच बोलला. तुला माहीत आहे तो कसा आहे.

चारचौघांत मी तुला वन्सं म्हणत आले. तो सासूबाईंचा दंडक, नणंदेचं नाव घ्यायचं नाही. त्या पाठमोऱ्या झाल्या की तू माझी सुमी आणि मी तुझी शांती. वन्सं म्हणून हाक मारलेली तुला कधीच आवडली नाही, म्हणायचीस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं. आता चांगली म्हातारी होऊन गेलीस तरी मी सुमेच म्हणणार.

रोह्याला तुझ्या दारात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय. त्यात तुझी नोकरी, किती साली रिटायर झालीस, मागे कोण कोण, सगळं आहे. फोटो मात्र तुला मुळीच पसंत पडला नसता. पदर विस्कटलेला आहे आणि केस कपाळावर आलेत. तू, जी कडक इस्त्रीच्या साडीशिवाय उंबरा ओलांडायची नाहीस! मी तुझ्या मुलाला म्हटलं, बाबा रे, दुसरा नव्हता काय? तो बिचारा रडतच होता, मग गप्प बसले.

तुला न्यायच्या आधी अंगणात माणूस मावत नव्हता. रोह्याची होतीच, पण पेणकडची किती आली असतील म्हणतेस! खाडीपलीकडून मिठागरातल्या बाया आल्या, आपल्या वाडीतले सगळे कारखाने बंद करून लोक आले. एक धिप्पाड ड्रायव्हर तुझ्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडत होता. मी विचारलं, तू कोण रे? तर म्हणतो, "मावशी, मी ह्यांना चावलो होतो. सुई टोचली तेव्हा. मनगटावर वण हाय बघा माझ्या दाताचा." आणि होता ग खरंच! एवढी वर्षं तो वण मी बघत होते आणि तू विचारल्यावर सांगायचीस, बांगडी रुतली. रडता रडता मला हसू फुटलं. लोकांनी काय समजायचं ते समजू दे. मला तुझा इतका अभिमान वाटत होता की रडण्यासाठी तोंड वाकडं होईना.

तुझं सगळंच जगावेगळं. मुली सासरी जातात त्या जातात. तू रोह्याला सून म्हणून गेलीस आणि नर्सची नोकरी नेमकी माहेरच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात मिळवलीस. रोज सकाळी रोह्याहून निघायचं, रामवाडीला उतरायचं, पेणहून लशीचा डबा उचलायचा आणि गावोगाव हिंडायचं. सासूबाई म्हणायच्या, पोरीला उजवून टाकली तरी रोज दारात हजर. तोंडानं कुरकुर, आणि तुझ्यासाठी तांदळाची भाकरी झाकून ठेवलेली.

त्या डब्याचं किती कौतुक तुला! एकदा भर वैशाखात मी तुझ्याबरोबर मिठागराकडच्या वाडीवर आले होते. खारबांधावरून चालायचं, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाची आगरं, सगळीकडून ऊन नुसतं डोळ्यांत घुसत होतं. तू छत्री उघडलीस. मला वाटलं, चला, दोघी मावू. कसचं काय! तू छत्री धरलीस डब्यावर. स्वतः भाजत निघालीस, मलाही भाजवत नेलंस. "लशीला ऊन लागलं की ती मेली," म्हणालीस. मी म्हटलं, "आणि आपल्याला लागलं तर?" तर म्हणे, "आपण घरी जाऊन ताक पिऊ." घरी आल्यावर मी कोकम सरबत केलं, डब्यातली बर्फाची एक वडी मागितली, तर डब्यावर हात ठेवून बसलीस. "लशीचं हाय ते." नणंदेनं भावजयीला बर्फ नाकारला, असं मी वाडीभर सांगत फिरले होते, आठवतं?

पण मला बोलायचंय ते त्या हंगामाबद्दल. आपल्या वंदूच्या लशीबद्दल.

माझी वंदू तेव्हा नऊ महिन्यांची. आषाढ लागलेला, रंगकाम जोरात. आपल्या वाडीची एक जुनी खोड होती, बाहेरच्यांना ती कळायची नाही. हंगामात पोरांना सुई टोचून घ्यायची नाही. का, तर सुईनं ताप येतो, तापलेलं पोर आईच्या मांडीवरून उतरत नाही, आणि आई मांडी घालून बसली की गणपती कोण रंगवणार? वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांची. तेव्हा तू कुठल्याही कारखान्यात डोकावलीस की बाया एका सुरात म्हणायच्या, "नर्सबाय, गणपती गेले की या." आणि गणपती गेले की भातकापणी, मग लग्नसराई. पोर सुईविना चालायला लागायचं.

तू त्या दिवशी आपल्याच कारखान्यात आलीस. रामवाडीपासून भिजत आलेली, साडीचा काठ चिखलानं माखलेला, डबा मात्र प्लॅस्टिकात गुंडाळलेला कोरडा. आजूबाजूच्या बाया आपल्याकडे रंगवायला बसलेल्या. त्यांनी नेहमीचं म्हटलं, गणपती गेले की या.

तुझा पारा चढला. "आणि गोवर? तो थांबणार हाय व्हय गणपती जायची वाट बघत?"

मग तू फळीवरचा एक गणपती उचललास. अंगाला रंग झालेला, डोळे अजून कोरे. माझा गणपती होता तो, आणि रंग ओला होता. कानावर तुझ्या बोटांचे ठसे उमटले. मी ओरडणार तेवढ्यात तू विचारलंस, "हा कोण?"

बाया हसल्या. "गणपती. दुसरा कोण?"

"मग ह्याला हात जोडलात काय तुम्ही? नाय ना? का नाय?"

"अजून डोळे आखले नायत. प्राणप्रतिष्ठा झाली नाय. मातीच हाय ती," कुणीतरी म्हणालं.

"पण वळखलात ना? सोंड बघितली की शेंबडं पोर पण सांगेल कोण हाय तो. लशीचं असंच हाय. तिच्यात रोगाचा नुसता आकार असतो, प्राण नसतो. आपल्या रक्तात राखणदार असतात. ते हा आकार बघून घेतात, नीट पाठ करतात, ह्याच्यावर कोणतं हत्यार चालतं ते घडवून ठेवतात. मग कधी खरा रोग दारात आला तर, बाबा तू कोण, असं विचारत बसत नायत. वळख आधीच झालेली असते. धरतात आणि हाकलतात. पण वळख नसली तर? हत्यार घडवण्यातच दिवस जातात. तोवर रोगानं घर लुटलेलं असतं."

"आणि ताप येतो तो?"

"राखणदार कामाला लागले की अंग तापतं. पोर शिकतंय असं समजा."

आजही सांगते, इतकं स्वच्छ मला शाळेत कुणी काही शिकवलं नव्हतं. पण सासूबाई मागे उभ्या होत्या त्या आपल्या लक्षातच नाही! "सुमन! बाप्पाला रोगाच्या पंक्तीला बसवतेस? जीभ झडेल तुझी! ज्याच्यावर घर चालतं त्याला सुईत घालतेस?" आणि तुझ्या हातातून गणपती काढून घेतला. तुझा दादा आईच्या बाजूनं. मी, खरं म्हणजे, दोघांच्या मध्ये. बाप्पाचं उदाहरण मलाही खटकलंच होतं, शिवाय त्या कानावरचे ठसे दिसत होते.

तू डब्याचं झाकण लावायला घेतलंस. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. नर्सची सख्खी भावजय काय करते, तेच आपण करायचं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. आणि मला तो खारबांध आठवला. जी बाई औषधाच्या डब्यावर छत्री धरते आणि आपण उन्हात भाजून घेते, ती माझ्या पोरीच्या वाईटावर असेल कशी? मी ब्रश ठेवला, झोळीतून वंदूला उचललं आणि तुझ्या मांडीवर नेऊन दिलं. "टोच," म्हटलं. सासूबाई तरातरा आत निघून गेल्या. वंदू किंचाळली. तू तिच्या दंडाला बोट दाबून धरलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आठवड्यानं ताप येईल. पुरळ पण उठेल थोडं. घाबरायचं नाय. आज आला नाय म्हणून फुशारायचं पण नाय."

आला ना ताप! अगदी तू म्हणालीस तसा, आठवड्यानं. वंदू मांडीवरून उतरेना, माझे गणपती फळीवर पडून. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. कडुलिंबाचा डहाळा आणून दाराच्या चौकटीला बांधला आणि स्वयंपाकात फोडणी बंद केली, घरात देवी आल्यासारखी. तुझ्या दादाचं तोंड एवढंसं झालेलं. मोठी ऑर्डर अंगावर होती. मी एका हातानं पोरीला थोपटत होते आणि मनात तुला नको नको ते बोलत होते. तेवढ्यात तू दारात. ड्युटी संपवून सरळ आलेली. पोरीच्या कपाळाला हात लावलास, छाती ऐकलीस, "शिकतंय गो पोर, शिकतंय," म्हणालीस आणि पदर खोचून माझ्या जागेवर बसलीस.

सुमे, या घरात जन्मलीस पण ब्रश तुझ्या हाताला कधीच लागला नाही. डोळ्यांच्या आखणीच्या वेळी तुझा दादा तुला लांब बसवायचा. त्या दिवशी म्हणालीस, "सोपं काहीतरी दे." मी म्हटलं, डोळ्यांत पांढरं भर, तेवढं तर जमेल. फळीभर गणपतींच्या डोळ्यांत तू पांढरा रंग भरत बसलीस, जीभ बाहेर काढून. संपल्यावर मी म्हटलं, आता बुबुळ घाल. तू ब्रश घेतलास आणि डोळ्यापर्यंत नेऊन असा झटकन मागे घेतलास की काळ्याचा एक थेंब बाप्पाच्या गालावर पडला. "नको गो बाय. बुबुळ तूच घाल. ते माझं काम नाय." एवढ्या एवढ्या दंडात डोळे मिटून सुई घालणारी बाई, आणि बुबुळाला घाबरली! वंदू झोपली तशी मी उठले आणि एकेक बुबुळ घातलं. तू मागे बसून बघत होतीस. "आत्ता हा माझ्याकडं बघायला लागला," म्हणालीस. ऑर्डर वेळेवर गेली.

गणपतींचं विसर्जन झालं आणि वाडीत गोवर आला. ज्याच्या त्याच्या दारात कडुलिंब. वंदू ज्या पोरांबरोबर एका ताटात भात चिवडायची ती पोरं फणफणली, हिच्या अंगावर पुरळाचा ठिपका नाही. वंदूच्या पाठोपाठ तू टोचलेल्यांपैकी एका पोराला झालाच, पण हलका, खेळता खेळता गेला. तू तेही लपवलं नाहीस. स्वतः घरोघर सांगितलंस की लस घेऊनही एखाद्याला होतो, आमचं औषध म्हणजे जादू नाही. सासूबाईंना वाटलं होतं की आता तू तोरा मिरवशील.

तोरा मिरवायला तुझं मन कुठे होतं? शेजारचा चंदू, ज्याच्या आईनं "गणपती गेले की टोचू" म्हटलं होतं, त्याचा उजवा डोळा गेला. गोवरानं बुबुळावर फूल पडलं. तू त्याला काखोटीला मारून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळालीस, रजा टाकून, आणि डावा वाचवून आणलास. त्याच्या आईनं तुझे पाय धरले तेव्हा तू तिला एका शब्दानं बोलली नाहीस. मी असते तर चार शब्द सुनावले असते. घरी येऊन मात्र मोरीत तोंड धुता धुता किती रडलीस. आखणीनं पोट भरणाऱ्यांच्या वाडीत पोराचा डोळा जावा! परवा तुझ्या तिरडीला पहिला खांदा त्यानं दिला. कुणाची हिंमत झाली नाही त्याला मागे सरक म्हणायची.

त्या भाद्रपदानंतर तू भाषण करणं सोडलंस आणि खरी अक्कल लढवलीस. बायांना गोळा करून म्हणालीस, सुईला तुमची ना नाही, तापाला आहे. मग तापाची सोय लावू. आणि तू ती पाळी बसवलीस. ज्या आईच्या पोराला सुई टोचली, तिच्या वाटचे गणपती ताप उतरेपर्यंत बाकीच्या बायांनी वाटून घ्यायचे. तिनं पोर घेऊन बसायचं, कुणी टोमणा मारायचा नाही. पुढच्या वेळेला दुसरीची पाळी. तापाची पाळी, असंच नाव पडलं. सुना नवीन आल्या, कारखाने वाढले, कंप्रेसरनं रंग मारायला लागले, पाळी अजून चालू आहे. बाहेरचे साहेब येतात, विचारतात, तुमच्याकडे हंगामातसुद्धा एकही पोर लशीचं राहत नाही, हे कसं? आम्ही एकमेकींकडे बघून हसतो. यात कुणी डॉक्टर नाही, कुणी पुढारी नाही. माझी नणंद आहे. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू आधीच हवेत असायचीस, अजून किती चढवायचं!

आणि आपलं भांडण? ते राहिलंच की.

सासूबाई गेल्या त्यानंतरची गोष्ट. तू पुन्हा कुणा नव्या सुनेला तेच कोऱ्या डोळ्यांच्या गणपतीचं उदाहरण देत होतीस. मी मुद्दाम अडवलं. "तूच म्हणालीस ना, काही लशींत जंतू मेलेला असतो आणि काहींत अर्धमेला? गोवराची, पोलिओच्या थेंबांची, त्यात अर्धमेला असतो म्हणून?"

"व्हय. जिवंत असतो, पण दुबळा केलेला. राखणदारांना खऱ्यासारखा वाटतो, पण घर लुटायची ताकद नाय."

"मग मेल्याला कोरे डोळे, ठीक आहे. अर्धमेल्याला काय? अर्धे डोळे आखलेला गणपती असतो काय कुठं?"

तुझी बोलती बंद! आयुष्यात पहिल्यांदा. मग घड्याळाकडे बघितलंस, पर्स उचललीस, "सांगते गो सांगते, माझी गाडी चुकेल," आणि सटकलीस. त्यानंतर किती वर्षं मी तुला छेडलं. दिवाळीला, भाऊबीजेला, वंदूच्या लग्नात हळदीच्या हातांनी. दर वेळेला, गाडी चुकेल. रिटायर झालीस, गाडी धरायची गरज उरली नाही, तरी गाडी चुकेल. गेल्या महिन्यात फोनवरसुद्धा मी विचारलं. खोकत खोकत म्हणालीस, "भेटीत सांगते." आणि या वेळेला खरंच निघून गेलीस.

आता कालचं सांगते. त्यासाठीच तर बसले.

काल सुतकाचा शेवटचा दिवस, आणि कालच अंगणवाडीत लशीचा दिवस. माझी नात साडेतीन महिन्यांची झाली, तिची सुई आणि थेंब कालच होते. सून प्राजक्ता चांगली शिकलेली, पण पहिलटकरीण. फोनवर कुणीतरी काहीतरी पाठवलेलं बघून घाबरलेली. म्हणे, "आई, पुढच्या महिन्यात नेऊ. तसंही सुतक आहे." मुलगा म्हणाला, पुढच्या महिन्यात तर मरायला फुरसत नसेल. आणि तुझा दादा, तीन दिवस कोपऱ्यात बसून होता तो, एकदम कडाडला, "बहीण गेली माझी. राख थंड झाली नाय, नि तुम्ही पोरीला टोचायला निघालात? सुतकात काय पण करायचं नाय!"

सुमे, माझ्या डोक्याची शीर तडकली. मी म्हटलं, "अहो, कुणाचं सुतक आहे हे? तिचं ना? मग तिच्या सुतकात तिचंच काम अडवायचं?" मी थांबले नाही. "हंगामात ताप नको म्हणून या वाडीनं एका पोराचा डोळा घालवला. आज कारखाना बंद आहे, सगळ्यांचे हात रिकामे आहेत, पोर तापलं तर घ्यायला चार मांड्या आहेत. भर हंगामात घराला सुट्टी मिळाली ती तिच्यामुळं. जाता जाता पण तिनं तापाची पाळी लावून दिली, कळत नाही का तुम्हाला?"

हे बोलले आणि मीच रडायला लागले. तोपर्यंत तसं सुचलंही नव्हतं. तोंडातून निघालं तेव्हा मला कळलं.

प्राजक्ताला मी हाताला धरून कारखान्याच्या खिडकीशी नेलं. आत जायचं नव्हतं, शिवायचं नव्हतं. गजांतून बोट करून दाखवलं. "ती वरची फळी बघ. कोरे डोळे. आकार आहे, प्राण नाही. आजच्या सुईत तसं आहे, मेलेल्या जंतूचे तुकडे. रक्तातले राखणदार ते बघून घेतात, पाठ करतात, हत्यार घडवतात." तुझेच शब्द, तुझाच ठेका. जन्मभर ज्या उदाहरणाला खोडा घातला ते मीच देत होते, आणि तेही सुतकात.

पोरगी हुशार आहे तुझ्यासारखी. म्हणाली, "आणि थेंब? ते पण मेलेले?"

"नाही, ते अर्धमेले," म्हटलं आणि अडखळले. बघितलंस, माझाच प्रश्न माझ्या पुढ्यात! आणि तेवढ्यात खालच्या फळीकडे नजर गेली. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जी सोडून उठले होते ती फळी. डोळ्यांत पांढरं भरलेलं. बुबुळ राहिलेलं.

अगं बाई! पांढरं भरलं की मूर्तीला जाग आल्यासारखी वाटते. अंधारात कुणी बघितलं तर दचकेल. पण ती कुणाकडे बघत नाही. बुबुळ नाही ना! म्हणजे अर्धा जीव, आणि करणार काही नाही. हेच ना तुझं उत्तर? आणि सुमे, तूच तर केलं होतंस ते, वंदूच्या तापात, जीभ बाहेर काढून, फळीच्या फळी! अर्धमेल्याचा गणपती तू तुझ्या हातानं रंगवलास, मी पुढं होऊन बुबुळ घातलं, आणि एवढी वर्षं दोघी भांडत बसलो. मी खिडकीचे गज धरून "सापडलं, सापडलं" म्हणून ओरडले. प्राजक्ताला वाटलं, सासूच्या डोक्यावर परिणाम झाला.

मागे वळून बघते तर तुझा दादा. कधीचा येऊन उभा होता कुणास ठाऊक. प्राजक्ताच्या हातातून नातीला घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चिखलातून अंगणवाडीकडे चालायला लागला. आम्ही दोघी मागून धावतोय. दारात म्हणाला, "आम्हाला सुतक हाय, लांबून टोचा." नर्स पोरगीच आहे, म्हणाली, "आजोबा, लांबून कशी टोचू? आम्ही सगळ्यांना शिवतो." मग कळलं तिला आपण कुणाच्या घरचे ते. उठून उभी राहिली ग ती. शिकत असताना तुझ्याबरोबर हिंडली होती खारबांधावरून. म्हणाली, "मला पण छत्री मिळाली नव्हती."

संध्याकाळी पोर तापलं. औषध दिलं, पण मांडीवरून उतरेना. तुझ्या दादानं कुणालाच घेऊ दिलं नाही. स्वतः घेऊन बसला, थोपटत, आणि मला ऐकू येईल न येईल असं म्हणत होता, "शिकतंय गो पोर, शिकतंय." तुझ्याच सुरात. आईच्या बाजूनं उभा राहिलेला तो माणूस. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरला.

तर हे असं आहे, सुमे. भांडण मिटलं. हरले मी, आणि हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. फक्त तुझं तोंड बघायला मिळालं पाहिजे होतं, किती मिरवली असतीस!

आत्ता तुझा दादा नातीला घेऊन कारखान्यात आलाय. मला विचारतोय, कुणाला लिहितेस? मी म्हटलं, तुमच्या बहिणीला. त्यानं मग खालच्या फळीवरचा एक गणपती उचलला, पांढरं भरलेला, आणि अगदी वर, जिथे विकायचे नसलेले ठेवतो, तिथे नेऊन ठेवला. म्हणाला, "ह्याला बुबुळ घालू नको, शांते. लशीच्या दिवशी नव्या सुनांना दाखवायला लागेल." आणि दारातून वळून म्हणाला, "तिला लिही, ताप उतरला."

ताप उतरलाय ग, सुमे. बाकीच्यांची बुबुळं घालायला घेते.